उपयोगाचा रकाना

पंचायतीने दिलेल्या वहीत सहा रकाने:
अनुक्रमांक, नाव, गावात म्हणतात ते नाव,
किती दिसले, कुठे,
आणि शेवटी उपयोग.

चोडणला, बांधाच्या नदीकडच्या अंगाला,
तिवरांखाली उकिडवी बसून
मी सुतळीचा एक मीटर चौकोन चिखलावर मांडते.
चार खुंट्या. एक दर वेळी बुडते,
मग चौकोनाला चौकोन म्हणवत नाही,
तरी आत जे येईल ते मोजायचे.

गोगलगाई अकरा, शेंगदाण्याएवढ्या.
तिवराची वर आलेली श्वासमुळे चौऱ्याहत्तर.
एक खेकडा, डावी नांगी देहाहून मोठी,
ती हलवून कुणाला तरी बोलावतो आहे.
मला नाही.
माझ्या टाचेचे दोन ठसे. ते धरले नाहीत,
पण एकात आताच पाणी साठले आहे
आणि त्यात काहीतरी हालते.

शाळेत फळ्यावर लिहून दिले होते:
जाती, समुदाय, परिसंस्था,
एकावर एक, पायऱ्यांसारखे.
मागच्या बाकावरून सुलक्षाने विचारले,
"बाई, एकच उरला तर त्याला जाती म्हणायचं का?"
घंटा झाली. नेमकी तेव्हाच होते ती.
इथे तर पायऱ्याच नाहीत.
घोट्यापर्यंत चिखल, आणि त्याला
खालचे कोण, वरचे कोण, ठाऊक नाही.

इनास मानशीवर बसून जाळे शिवतो.
(मानस म्हणजे मन, असे मी मुलांना शिकवते.
या बेटावर मानस म्हणजे दार.)
भरती आली की पाणीच झडप लोटून बंद करते,
ओहोटीला पाणीच उघडते.
"आणि तुम्ही?"
"आम्ही बिजागऱ्या बघतो. आणि मध्येच रात्री
उठून कोळंबी."

कोरगूट कापून झाले आहे. खुंटांत बगळे.
कायतानच्या शेतात मात्र खुंटही नाहीत,
परवाच्या वर्षी तिथे बांध फुटला,
मीठ आत शिरले ते अजून बसून आहे.
"खेकड्यांनी पोखरला," इनास म्हणतो.
सुई थांबते.
"पाणमांजरं होती तेव्हा खेकड्यांना
घरं बांधायला सवड नसायची."
"मग गेली कुठे?"
"जाळी फाडायची. हाकलली.
डबे बडवत हाकलली आम्ही, तीन रात्री.
माझ्या हातात तेलाचा डबा होता."
दात लावून तो दोरा तोडतो.

मी वहीत लिहिते: पाणमांजर.
किती दिसले: शून्य.
शून्याची नोंद करायची का, हे
प्रशिक्षणात कुणी सांगितले नव्हते.
अनुक्रमांक तर दिला होता. सत्तावन्न.

परतताना, मानशीच्या जांभ्या दगडावर,
काळसर, ओले, वासाचे काहीतरी.
काडीने उकलले:
खवले, आणि खेकड्याच्या कवचाचे
तांबूस तुकडे, चावून बारीक केलेले.
इनास वाकला. फार वेळ वाकून राहिला.
बोलला काहीच नाही, फक्त
हातातले जाळे दगडावरून उचलून
खांद्यावर घेतले, जागा मोकळी केली.

मी शून्य खोडले.
एक, लिहिले, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
सुलक्षाला काय सांगायचे ते अजून ठरले नाही.

उपयोगाच्या रकान्यात याआधी
औषधी, खाद्य, सरपण,
आणि एकेचाळीस ठिकाणी आडवी रेघ.
तिथे पेन टेकवले: बांध.
मग त्या आडव्या रेघांकडे पाहिले
आणि वही मिटली.

मागे पाणी चढत होते.
झडप हळूच लागली, माणसाने
झोपलेल्या घराचे दार लावावे तशी.
सुतळी तरंगून वेडीवाकडी झाली,
तिच्या आतून एक शेवटा गेला, न मोजलेला.
तीन खुंट्या हाती आल्या.
चौथी चिखलातच आहे.